कोलोरॅडोत गांजा कायदेशीर आहे, पण तुमच्या व्हिसावर चालतो का?

अमेरिकेत फिरायला गेलेल्या कुणाची तरी डेन्व्हरची रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. सराफाच्या पेढीसारखं चकाचक दुकान, काचेच्या पेट्यांत ठेवलेल्या बरण्या, हसतमुख विक्रेता आणि खाली कॅप्शन: 'इथे सगळं लीगल आहे भावांनो!' मग कमेंटमध्ये प्रश्न सुरू होतात. आपल्याला घेता येतं का? पासपोर्ट चालतो का? एखादं पाकीट भारतात आणता येईल का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत: हो आणि हो. तिसऱ्याचं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. पण रीलमध्ये कधीच न येणारा एक चौथा प्रश्न आहे आणि आपल्या लोकांसाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे: राज्याच्या कायद्यात बसणारी गोष्ट केली म्हणून अमेरिकेचा व्हिसा जाऊ शकतो का? जाऊ शकतो. कसा, ते या लेखात पाहू. सोबत कोलोरॅडोच्या सहलीचं नियोजन करताना लागणारी बाकीची माहितीही आहे.

कोलोरॅडोत नेमकं काय कायदेशीर आहे?

६ नोव्हेंबर २०१२ रोजी कोलोरॅडोच्या मतदारांनी 'अमेंडमेंट ६४' ही घटनादुरुस्ती सुमारे ५५ टक्के मतांनी मंजूर केली. त्याच दिवशी वॉशिंग्टन राज्यानेही असाच कौल दिला. कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ पासून दुकानांतून उघड विक्री सुरू झाली. त्यानंतर एकेक करत अमेरिकेतल्या २४ राज्यांनी प्रौढांना मौजेसाठी गांजा बाळगायला परवानगी दिली आहे.

कोलोरॅडोचे मूळ नियम असे:

- वय २१ पूर्ण हवं. एक दिवस कमी असला तरी चालत नाही.
- एका व्यक्तीला जवळ जास्तीत जास्त २ औंस, म्हणजे साधारण ५६ ग्रॅम गांजा बाळगता येतो. २०२१ पर्यंत ही मर्यादा १ औंस होती.
- खरेदी फक्त परवानाधारक दुकानातून करायची. या दुकानांना तिथे 'डिस्पेन्सरी' म्हणतात. एका वेळी किती विकायचं यावर दुकानालाही मर्यादा आहे.
- ओळखीच्या २१ वर्षांवरील माणसाला थोडा गांजा फुकट देता येतो, पण विकता येत नाही.
- सार्वजनिक ठिकाणी ओढायला, खायला किंवा व्हेप करायला मनाई आहे. रस्ता, बाग, हॉटेलची लॉबी, कॉन्सर्ट हे सगळं त्यात आलं.

सुरुवातीला बाहेरच्या लोकांना स्थानिकांपेक्षा कमी माल मिळायचा. २०१६ मध्ये तो भेद काढून टाकला. त्यामुळे आज दुकानाच्या दृष्टीने डेन्व्हरचा रहिवासी आणि पुण्याहून आलेला पाहुणा यांच्यात फरक नाही. दुकानाबाहेर मात्र फरक आहे.

राज्य 'हो' म्हणतं, केंद्र 'नाही' म्हणतं. हे कसं?

अमेरिकेत राज्याचे कायदे वेगळे आणि केंद्राचे, म्हणजे फेडरल सरकारचे कायदे वेगळे. १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्यानुसार केंद्राने गांजा हेरॉइनच्याच यादीत, म्हणजे पहिल्या अनुसूचीत टाकला. २०२४ मध्ये न्याय विभागाने तो तिसऱ्या अनुसूचीत आणण्याचा प्रस्ताव मांडला. बातम्यांत याला 'अमेरिका गांजा कायदेशीर करणार' असे मथळे मिळाले, पण प्रत्यक्षात अर्थ तसा नाही. तिसऱ्या अनुसूचीतला पदार्थही केंद्राच्या लेखी 'नियंत्रित पदार्थ'च असतो. डिस्पेन्सरीतून मौजेसाठी होणारी विक्री त्याने केंद्राच्या कायद्यात बसत नाही.

कोलोरॅडोचा पोलीस तुमच्या खिशातल्या १० ग्रॅमसाठी तुम्हाला अडवणार नाही, कारण तो राज्याचा कायदा राबवतो. पण पुढची सगळी ठिकाणं आणि खाती केंद्राच्या अखत्यारीत येतात: विमानतळावरची सुरक्षा, राज्याच्या सीमा, टपाल खातं, राष्ट्रीय उद्यानं, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व देणारं इमिग्रेशन खातं.

तुम्ही कोणत्या कागदावर अमेरिकेत आहात?

इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे तो केंद्राचीच यादी पाहतो. नियंत्रित पदार्थांच्या कायद्याचं उल्लंघन केल्याबद्दल दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेत प्रवेश नाकारता येतो. आणि शिक्षा झालीच पाहिजे असंही नाही. असं उल्लंघन केल्याची रीतसर कबुली दिली तरी ते कारण पुरेसं ठरू शकतं. 'हो साहेब, मागच्या वर्षी डेन्व्हरला घेतला होता, तिथे लीगल आहे ना!' हे वाक्य बोलणाऱ्याला निरागस वाटतं, पण ते अशा कबुलीची सुरुवात ठरू शकतं.

आता एकेक गट पाहू.

अमेरिकन नागरिक: इमिग्रेशनचा धोका नाही. राज्याचे नियम पाळले की झालं. फक्त नोकरीच्या ठिकाणी ड्रग टेस्ट असेल तर विचार करावा. २०१५ मध्ये कोलोरॅडोच्याच सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कामाच्या वेळेबाहेर, राज्याच्या कायद्यात राहून गांजा घेणाऱ्या कर्मचाऱ्यालाही कंपनी काढून टाकू शकते. गांजाचे अंश लघवीच्या तपासणीत कित्येक दिवस, आणि नियमित घेणाऱ्यांच्या बाबतीत कित्येक आठवडे सापडतात.

ग्रीन कार्डधारक: 'आता आपण पक्के झालो' असं वाटत असलं तरी सावध राहा. परदेशातून परतताना विमानतळावर प्रश्न येऊ शकतात. नागरिकत्वासाठी अर्ज करताना 'चांगलं नैतिक वर्तन' सिद्ध करावं लागतं. एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने लेखी स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाशी संबंधित व्यवहार या अटीच्या आड येऊ शकतो. डिस्पेन्सरीत किंवा गांजाच्या शेतीत नोकरी करणंही त्यात येतं.

एच-१बी, एच-४, एफ-१: या गटाला सगळ्यात जास्त जपायला हवं, कारण व्हिसाचा शिक्का नव्याने घ्यायला दर काही वर्षांनी दूतावासात जावं लागतं. डीएस-१६० अर्जात थेट प्रश्न आहे: नियंत्रित पदार्थांविषयीचा कोणताही कायदा तुम्ही कधी मोडला आहे का? विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. केंद्राचा निधी घेणाऱ्या विद्यापीठांना कॅम्पसवर गांजाला मनाई करावीच लागते. तुम्ही २१ वर्षांचे असा, विद्यापीठ कोलोरॅडोत असो, हॉस्टेलच्या खोलीत तो चालत नाही.

बी१/बी२, म्हणजे पर्यटक: मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा याच गटात येतात. पुढच्या वेळी प्रवेश द्यायचा की नाही, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. एकदा नाकारलं की नातवंडांना भेटण्याचा मार्गच बंद होतो.

इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. गांजाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला देशाबाहेर काढण्याची जी तरतूद आहे, तिच्यात एक अपवाद आहे: स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅम किंवा त्याहून कमी गांजा बाळगल्याचा एकच गुन्हा. कोलोरॅडो राज्य मात्र ५६ ग्रॅमपर्यंत बाळगू देतं. राज्याच्या मर्यादेत राहूनही तुम्ही इमिग्रेशन कायद्याच्या अपवादाबाहेर असू शकता.

मग विचारलं तर खोटं बोलायचं का? मुळीच नाही. खोटी माहिती देऊन व्हिसा किंवा प्रवेश मिळवणं हे कायमच्या बंदीचं स्वतंत्र कारण आहे. असा प्रश्न उद्भवण्याची शक्यता असेल तर अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. व्हिसावर असणाऱ्यांसाठी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे घ्यायचंच नाही, म्हणजे सांगायलाही काही उरत नाही.

फोन आणि सोशल मीडिया

२०१९ पासून व्हिसाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती लिहावी लागतात. जून २०२५ पासून एफ, एम आणि जे व्हिसा मागणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना आपली खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांनाही हाच नियम लागू झाला. शिवाय विमानतळावर सीमा अधिकारी फोन तपासू शकतात.

म्हणजे डिस्पेन्सरीसमोरचा सेल्फी, ग्रुपवर टाकलेला गमीच्या पाकिटाचा फोटो, 'काल जाम चढली' असा मेसेज, हे सगळं वाचलं जाऊ शकतं. तुम्ही स्वतः घेतलाच नसेल, नुसता मित्रांसोबत दुकान पाहायला गेला असाल, तरी फोटोवरून ते सिद्ध करणं तुमच्यावर येतं. मित्र तुम्हाला टॅग करत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही. 'माझं स्टॅम्पिंग बाकी आहे' एवढं कारण अमेरिकेतल्या कोणत्याही देशी ग्रुपला पुरतं.

राहायचं कुठे?

इथून पुढची माहिती प्रामुख्याने ज्यांना इमिग्रेशनचा प्रश्न नाही त्यांच्यासाठी आहे. पण मिश्र ग्रुपमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी, कारण खोली आणि गाडी सगळ्यांची एकच असते.

पर्यटकांची खरी अडचण विकत घेण्यात नाही, वापरायच्या जागेत आहे. रस्त्यावर मनाई, बागेत मनाई, गाडीत मनाई. बहुतेक हॉटेलं धूम्रपानमुक्त असतात आणि खोलीत वास आला तर साफसफाईचा जबर आकार लावतात. बाल्कनीतही बहुधा चालत नाही. भाड्याच्या घरात घरमालकाचा नियम अंतिम असतो.

जाहिरातीत 'फोर-ट्वेंटी फ्रेंडली' असं लिहिलेलं दिसेल. आपल्याकडे चारशेवीस म्हणजे फसवणूक करणारा. तिकडे ४२० हा गांजाचा सांकेतिक शब्द आहे. म्हणजे त्या जागेत गांजा चालतो. पण तो फक्त अंगणात चालतो की खोलीतही, हे बुकिंगच्या आधी लेखी विचारून घ्या. २०१९ च्या कायद्याने परवानाधारक लाउंजनाही मान्यता दिली आहे, मात्र त्यांना परवानगी द्यायची की नाही हे प्रत्येक शहर ठरवतं.

सार्वजनिक ठिकाणी ओढताना पकडलं तर दंड १०० डॉलरपर्यंत होतो. स्थानिक माणूस तो भरून मोकळा होतो. व्हिसावर असलेल्या माणसाने मात्र अशी पावती घाईघाईने भरू नये. दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं ठरू शकतं, आणि इमिग्रेशन कायद्यात 'दोषी ठरणं' या शब्दाची व्याख्या बरीच व्यापक आहे. आधी वकील, मग दंड.

दुकानात काय होतं?

दारातच ओळखपत्र तपासलं जातं. परदेशी पाहुण्यांसाठी मूळ पासपोर्ट सगळ्यात सोयीचा. फोनमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. आत 'बडटेंडर' म्हणजे माहिती देणारा विक्रेता असतो. त्याला 'पहिल्यांदाच घेतोय' असं मोकळेपणाने सांगावं, तो कमी मात्रेचा पर्याय दाखवतो.

पैसे रोख न्या. गांजा केंद्राच्या कायद्यात बसत नसल्यामुळे मोठ्या क्रेडिट कार्ड कंपन्या हे व्यवहार घेत नाहीत. दुकानात एटीएम असतं, पण त्याचं शुल्क वेगळं. छापील किमतीवर राज्याचा १५ टक्के खास विक्रीकर आणि त्यावर स्थानिक कर लागतो, त्यामुळे बिल पाहून दचकू नका. सवलतीच्या योजनेसाठी फोन नंबर किंवा ईमेल विचारला जाईल. तो द्यायची सक्ती नसते.

गमी आणि चॉकलेट: घाई केली की फसलं

धूर नको, वास नको म्हणून नवखे पर्यटक खायच्या पदार्थांकडे वळतात आणि सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. ओढलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो. खाल्लेला गांजा आतड्यातून, यकृतातून फिरून मग चढतो. त्याला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो, आणि अंमल सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त राहतो. महाशिवरात्रीला किंवा होळीला भांग प्यायलेल्या मंडळींना हे ठाऊक असतं: 'काहीच होत नाहीये' म्हणून दुसरा पेला घेतला की मग खरी पंचाईत.

मार्च २०१४ मध्ये, विक्री सुरू होऊन तीन महिने होत नाहीत तोच, डेन्व्हरमध्ये असं घडलं. शेजारच्या वायोमिंगमध्ये शिकणारा १९ वर्षांचा एक परदेशी विद्यार्थी मित्रांसोबत सुट्टीला आला होता. त्याच्या २१ वर्षांवरच्या मित्राने गांजाची कुकी विकत घेतली. त्या एका कुकीत ६५ मिलिग्रॅम टीएचसी होतं, म्हणजे साडेसहा माणसांची मात्रा. टीएचसी हा नशा आणणारा घटक. विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे त्याने आधी एक तुकडाच खाल्ला. अर्ध्या-एक तासात काही जाणवलं नाही, म्हणून उरलेली सगळी खाल्ली. पुढच्या दोन तासांत तो भ्रमिष्टासारखा वागू-बोलू लागला आणि चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून उडी मारून मरण पावला. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, या घटनेवर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला.

त्यानंतर कोलोरॅडोने नियम कडक केले. आता एका मात्रेत १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आणि एका पाकिटात १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी ठेवता येत नाही. खाद्यपदार्थाच्या प्रत्येक तुकड्यावर '! टीएचसी' हे चिन्ह उमटवावं लागतं. प्राणी, माणूस किंवा फळाच्या आकाराच्या गमी बनवायला बंदी आहे.

पहिल्यांदा घेणाऱ्याने १० ची मात्राही पूर्ण घेऊ नये. अडीच ते पाच मिलिग्रॅम घ्यावं आणि पुढचे दोन तास, काहीही वाटो न वाटो, दुसरा तुकडा तोंडात टाकू नये. सोबत दारू नको. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे. कोरडी हवा आणि विरळ प्राणवायू यांनी पहिल्या दिवशी तसंच डोकं जड होतं. पोहोचल्या दिवशी भरपूर पाणी प्यावं आणि नशेच्या वाटेला जाऊ नये.

गाडी कोण चालवणार?

हे सहलीला निघण्याआधीच ठरवा. कोलोरॅडोत रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ५ नॅनोग्रॅम टीएचसी सापडलं तर चालक नशेत होता असं न्यायालय गृहीत धरू शकतं. त्याहून कमी असलं आणि गाडी वेडीवाकडी चालवली, तरीही गुन्हा नोंदवता येतो. 'मी ओढून छान चालवतो' हा बचाव नाही.

गाडीत फोडलेलं पाकीट प्रवाशांच्या हाताशी ठेवणंही गुन्हा आहे. घेतलेला माल बंद पाकिटात, डिकीत ठेवा. आणि पुन्हा व्हिसाचा मुद्दा: नशेत गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, खटल्याचा निकाल लागला नाही, तरी परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. असे प्रकार घडलेले आहेत.

रोड ट्रिपच्या नकाशावर लाल रेघा

डेन्व्हरला उतरणारे बहुतेक जण पुढे डोंगरात जातात. नकाशा उघडा आणि या जागा आधीच पाहून ठेवा.

रॉकी माउंटन नॅशनल पार्क: डेन्व्हरहून गाडीने दीड-दोन तासांवर. पार्क कोलोरॅडोत असलं तरी जमीन केंद्राची आहे. तिथे एक ग्रॅमही चालत नाही. केंद्राच्या कायद्यात बाळगल्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद आणि किमान १,००० डॉलर दंड अशी तरतूद आहे. १२,१८३ फुटांवर जाणारा ट्रेल रिज रोड हिरव्या पाकिटाशिवायही पुरेसा गरगरवतो.

स्कीइंगची ठिकाणं: व्हेल, ब्रेकेनरिज अशा प्रसिद्ध ठिकाणांचे उतार राष्ट्रीय वनजमिनीवर आहेत. गावात कायदेशीर असलेला गांजा केबल कारने वर गेलात की बेकायदा होतो.

वायोमिंग: यलोस्टोनला जाणारे इथूनच जातात. डेन्व्हरपासून शंभर मैलांवर शायेन हे शहर येतं, तिथे थोडासा गांजा बाळगणंही गुन्हा आहे आणि कैद होऊ शकते. यलोस्टोन पुन्हा केंद्राचं.

कॅन्सस आणि युटा: दोन्ही राज्यांत मौजेसाठी गांजा बेकायदा आहे. आर्चेस पाहायला युटात शिरणाऱ्यांनी आधी गाडी रिकामी करावी.

न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना: दोन्हीकडे कायदेशीर, पण कोलोरॅडोतून तिथे नेणं बेकायदा. एका कायदेशीर राज्यातून दुसऱ्या कायदेशीर राज्यात नेलं तरी मधली सीमा केंद्राची असते. कॅनडाचंही तसंच. तिथे ऑक्टोबर २०१८ पासून देशभर गांजा कायदेशीर आहे, पण सीमा ओलांडून नेण्या-आणण्याला दोन्ही देशांत बंदी आहे.

घरात लहान मुलं किंवा आई-बाबा असतील तर

मित्राच्या घरी उतरला असाल आणि तिथे लहान मूल असेल, तर गमीचं पाकीट कुलपाखाली ठेवा. मुलाला ती चॉकलेटचीच गोळी वाटते. चुकून खाल्ली गेली तर मूल पेंगुळतं, तोल जातो, श्वास मंदावू शकतो. वाट पाहू नका. अमेरिकेचा विषबाधा मदत क्रमांक १-८००-२२२-१२२२ चोवीस तास चालू असतो. मूल जागं होत नसेल किंवा श्वास नीट नसेल तर थेट ९११. डॉक्टरांना काय खाल्लं ते खरं सांगा, उपचार त्यावरच ठरतात.

आई-बाबांना 'गुडघ्याला चांगलं असतं' म्हणून परस्पर काही देऊ नका. टीएचसीने हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाबात चढउतार होतात आणि तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. रक्त पातळ करण्याच्या वॉरफरिनसारख्या औषधांबरोबर गांजातले घटक, सीबीडीसुद्धा, घातक ठरू शकतात. शिवाय ते बी२ व्हिसावर आहेत, हे विसरू नका.

परतीचा प्रवास

उरलेला माल डेन्व्हरमध्येच संपवा, टाकून द्या किंवा २१ वर्षांवरच्या स्थानिक मित्राला देऊन टाका. डेन्व्हरच्या विमानतळ परिसरात गांजा बाळगायला मनाई आहे. सुरक्षा तपासणीवाले मुद्दाम गांजा शोधत नाहीत, पण सापडला तर पोलिसांना कळवतात. पोस्टाने पाठवणं हाही केंद्राचा गुन्हा आहे.

भारताकडे येणारी बरीच विमानं दुबई, अबू धाबी किंवा दोहामार्गे येतात. आखाती देशांत अमली पदार्थांचे कायदे अतिशय कडक आहेत आणि प्रवासी नुसता विमान बदलत होता हा बचाव उपयोगी पडत नाही. सिंगापूरला तर ५०० ग्रॅमपेक्षा जास्त गांजाच्या तस्करीला फाशी आहे. बॅगेच्या कप्प्यात विसरलेली एक गमी, व्हेप पेन, चुरा लागलेला ग्राइंडर, सगळं एकदा उलटं करून झटकून पाहा.

आणि मुंबई? भारतात १९८५ चा एनडीपीएस कायदा लागू आहे. या कायद्यात झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून काही राज्यांत परवान्यावर भांग विकली जाते. पण डिस्पेन्सरीतला माल हा फुलोराच असतो किंवा त्याचा अर्क. एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प मात्रा' धरला जातो आणि तो आयात केल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अल्प म्हणजे माफ असा अर्थ होत नाही. कोलोरॅडोच्या दुकानाची पावती इथे दाखवून उपयोग नाही. बँकॉकहून 'हायड्रोपोनिक' गांजा आणणारे प्रवासी मुंबई विमानतळावर पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. थायलंडने २०२२ मध्ये गांजा मोकळा केला आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणला. जुनी रील पाहून जाणाऱ्यांची तिथे फसगत होते.

निघण्याआधी हे तपासा

१. ग्रुपमध्ये कोण कोणत्या व्हिसावर आहे? ज्यांचं स्टॅम्पिंग, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व बाकी आहे, त्यांना आग्रह करायचा नाही.
२. मार्गावरची राष्ट्रीय उद्यानं आणि राज्यांच्या सीमा नकाशावर पाहिल्या का?
३. राहण्याच्या जागेचे नियम लेखी मिळाले का?
४. रोज गाडी चालवणारा, त्या दिवशी काहीही न घेणारा माणूस ठरला का?
५. प्रवास विम्याच्या कागदात नशेत झालेल्या अपघाताबद्दल काय लिहिलंय ते वाचलं का?
६. फोटो आणि टॅगविषयी ग्रुपमध्ये बोलणं झालं का?
७. परतीच्या आदल्या दिवशी बॅगा झटकायचं काम कुणाकडे?

नियम बदलत राहतात. त्यामुळे जाण्याच्या आठवड्यात राज्य सरकारचं अधिकृत संकेतस्थळ पाहावं, आणि स्वतःच्या व्हिसाबद्दल शंका असेल तर मित्राच्या अनुभवावर न जाता वकिलाला विचारावं. रीलमधल्या मित्राकडे कदाचित निळा अमेरिकन पासपोर्ट असेल. तुमच्याकडे गडद निळा भारतीय असेल, तर त्याच दुकानात त्याच काउंटरवर उभं राहूनही तुम्हा दोघांचं जोखमीचं गणित सारखं नाही. ही माहिती अमेरिकेला निघालेल्या तुमच्या मित्रमैत्रिणींना आणि ग्रुपवरच्या आई-बाबांनाही नक्की पाठवा.